खड्डा खणण्याआधी मुळं मोजा

कूप, म्हणजे त्या वर्षी तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, तुटून लाकूड डेपोला गेलं की कक्षात, म्हणजे खात्याने क्रमांक दिलेल्या जंगलाच्या भागात, थुटं (कापलेल्या झाडांचे बुंधे) उरतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात तोडीवरून वाद पेटतो तेव्हा एक बाजू म्हणते, जंगल साफ केलं. दुसरी म्हणते, मंजूर आराखड्याप्रमाणेच तोड झाली आणि तिथेच आम्ही नवं जंगल उभं करतोय. या वादाचा निकाल बैठकीत लागत नाही, कक्षात फिरल्यावर लागतो. त्यासाठी दोन गोष्टी याव्या लागतात. एक, थूट वाचणं. दोन, तुटलेल्या किंवा विरळ झालेल्या जागेत जमिनीखाली काय जिवंत आहे ते मोजणं. पहिली गोष्ट गावातल्या जाणत्यांना बऱ्यापैकी येते. दुसरी फारसं कोणी करत नाही, आणि जंगल उभं करण्याच्या नावावर जो पैसा जातो तो नेमका तिथेच वाया जातो.

आधी थूट. तोडायच्या झाडाची छापणी होते तेव्हा साल दोन जागी तासतात. एक जागा छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर तिथेच मोजतात. दुसरी अगदी बुंध्याशी, करवत जिथून फिरणार त्याच्या खाली. तिथे छाप-हातोड्याचा ठसा आणि अनुक्रमांक असतो. वरची खूण लाकडाबरोबर निघून जाते, खालची थुटावर राहते. छापणी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे झाडाची जात आणि घेर लिहिलेला असतो. म्हणजे एखाद्या कुपातली पन्नास थुटं घेतली, ठसा, क्रमांक, जात आणि घेर टिपला आणि नोंदवहीशी ताडून पाहिला, तर अर्ध्या दिवसात चित्र स्पष्ट होतं. थुटाचा घेर छातीच्या घेरापेक्षा नेहमी जास्त भरतो, कारण बुंधा खाली फुगलेला असतो. तेव्हा नोंद ९० सेंटिमीटर आणि थूट ११० सेंटिमीटर असेल तर लगेच आरोप करू नये. पण नोंद ९० ची आणि थूट १७० चं असेल, तर त्याचं उत्तर मागायलाच हवं. ठसा नसलेलं थूट दिसलं तर फोटोत मोजपट्टी धरा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि कक्ष क्रमांक लिहा. कक्ष क्रमांकाशिवाय केलेली तक्रार बहुतेक वेळा फाइलमध्येच संपते.

थुटाची उंचीही बघा. नियमाने कापलेलं थूट जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत असतं, माथा एका बाजूला उतरता आणि साल लाकडाला घट्ट धरलेली. हा नुसता टापटिपीचा मुद्दा नाही. साग, धावडा, ऐन, लेंडिया या झाडांना तोडीनंतर थुटातून फुटवे येतात, आणि उसाच्या खोडव्यासारखं तिथलं पुढचं पीक त्यांच्यावरच उभं राहतं. फुटवा जमिनीलगत निघाला तर तो स्वतःची मुळं धरतो आणि सरळ वाढतो. थूट गुडघाभर उंच ठेवलं तर फुटवे वरून निघतात, त्यांचा सांधा कच्चा राहतो, जरा मोठे झाले की वाऱ्याने फाटतात आणि जुन्या थुटाची कूज त्यांच्या गाभ्यात उतरते. माथा सपाट किंवा खोलगट राहिला तर पाणी साचतं. साल सोलली गेली तर सालीखालचे डोळेच मरतात. कंत्राटी टोळी घाईत असली की हे सगळं होतं. चोरीची तोडही बहुधा उंच थुटावरून ओळखू येते, कारण रात्री वाकून जमिनीलगत कापायला कोणाला वेळ नसतो.

तोडीचा काळही महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात, म्हणजे झाडाने मुळांत अन्न साठवलेलं असताना कापलं तर पावसाआधी फुटवे जोमाने येतात. तोड लांबत एप्रिल-मेपर्यंत गेली की झाडाने नव्या पालवीवर साठा खर्च केलेला असतो आणि फुटवे लुळे निघतात. म्हणून तोड कधी सुरू झाली यापेक्षा कधी संपली हा प्रश्न विचारावा.

आता मोडू नये अशा जागा. महाराष्ट्रात कुपाचा उपचार नकाशा करतात. त्यात २५ अंशांपेक्षा जास्त उताराची जमीन आणि नाल्याच्या दोन्ही काठांचे २०-२० मीटरचे पट्टे संरक्षणासाठी वेगळे दाखवतात. तिथे तोड नसते. विरळ जागा, जुनी रोपवनं आणि दाट जंगल हे तुकडेही वेगळे रंगवलेले असतात, आणि प्रत्येकाला वेगळा उपचार लिहिलेला असतो. हा नकाशा हातात असल्याशिवाय कुपात जाऊ नये. नाल्याच्या काठावरचं अर्जुनाचं किंवा जांभळाचं थूट दिसलं, तर मुद्दा किती झाडं तोडली याचा राहत नाही. ती जागा तोडीची नव्हतीच.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून देशात कुठल्याही वनातली तोड केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय करता येत नाही. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते, आणि कुठल्या वर्षी कुठलं कूप पाळीला येणार ते तिच्यात लिहिलेलं असतं. शिवाय १९८० च्या वन संवर्धन कायद्यात १९८८ मध्ये एक कलम घातलं गेलं, ते फार कमी लोकांना माहीत आहे: नैसर्गिकपणे वाढलेली झाडं काढून त्या जागी पुन्हा वनीकरण करायचं असेल, तरी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. २०२३ मध्ये कायद्याचं नाव बदललं, दुरुस्त्याही झाल्या, पण हे कलम राहिलं. ‘आम्ही तोडून नवं जंगलच लावणार आहोत’ हे उत्तर मिळालं की याच कलमाखालच्या मंजुरीची प्रत मागावी.

असं कलम का लागलं, ते समजून घ्यायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात म्हटलं की कमी उत्पन्न देणारी मिश्र जंगलं काढून तिथे मानवनिर्मित, उत्पादक वनं लावावीत, आणि त्यासाठी राज्यांनी महामंडळं काढावीत. त्यातून १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ नागपूरला स्थापन झालं. मिश्र जंगल साफ करायचं, राब (तोडीनंतरचा पाला-फांद्या) जाळायचा, सागाच्या जड्या (मूळ-खोडाचे तुकडे) लावायच्या, असं काम मोठ्या क्षेत्रावर झालं. हिशोब घनमीटरचा होता. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने दिशा बदलली, लाकडाच्या उत्पन्नापेक्षा पर्यावरणाचा समतोल आणि लोकांच्या गरजा वर ठेवल्या. पण जमिनीवर सागाचे सरळ पट्टे राहिले. महामंडळाच्या तोडीला पूर्व विदर्भातल्या ग्रामसभा वेळोवेळी हरकत घेत आल्या आहेत, त्याचं मूळ इथे आहे.

त्या हरकतीत भावनेपेक्षा हिशोब जास्त आहे. मिश्र जंगलाचा एक तुकडा वर्षभरात काय देतो ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, पाठोपाठ चारोळी, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाच्या तोंडावर मोहाची टोळ म्हणजे फळं, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि सात्या (अळंबी), हिवाळ्यात हिरडा, बेहडा, आवळा, मधल्या काळात धावड्याचा डिंक, पळसाची पानं, गवत, औषधी कंद. सागाच्या पट्ट्यातून गावाला यातलं जवळजवळ काही मिळत नाही. साग विकला जातो तेव्हा चांगला भाव येतो, पण तो पैसा साठ-साठ वर्षांच्या फेऱ्यात एकदा येतो आणि गावाच्या हातात येत नाही. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला, तेव्हा त्या लाकडाच्या प्रतीचं देशभर कौतुक झालं. ते खरंच आहे, इथला साग उत्तमच आहे. नैसर्गिक मिश्र जंगलातही तो इतर झाडांबरोबर वाढतो. त्याला एकट्याला उभं करायची गरज नव्हती.

सागाचा पट्टा जंगलाचं काम का करत नाही, तेही बघावं लागेल. जड्या २ बाय २ मीटरवर लावल्या की हेक्टरी २,५०० रोपं बसतात. पाचेक वर्षांनी पहिली विरळणी, निम्मी झाडं काढायची, मग पुढच्या विरळण्या ठरलेल्या वयाला. प्रत्यक्षात विरळणी मागे पडते, कारण बारीक बल्ल्यांना भाव नसतो आणि मजुरी मात्र लागते. विरळणी चुकलेल्या पट्ट्यात झाडं काटकुळी होतात, माथे एकमेकांत अडकतात, खाली ऊन पोचत नाही. सागाचं पान मोठं. पावसाचे बारीक थेंब त्याच्यावर गोळा होऊन मोठे होतात आणि उंचावरून मातीवर आदळतात. खाली गवत-झुडूप नसेल तर ती माती वाहून जाते. उन्हाळ्यात गळलेल्या पानांचा थर पेटतो आणि पट्टा दरवर्षी जळतो. जुन्या सागपट्ट्यात उताराच्या जागी झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतात. जमीन किती गेली ते त्या मुळांवर बोट ठेवून मोजता येतं.

म्हणून तोड झाली की ‘इतकी लाख रोपं लावली’ हा आकडा ऐकून समाधान मानू नये. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात पावसाळी वृक्षलागवडीची उद्दिष्टं २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढत गेली. आकडा एवढा वाढला की रोपवाटिकेत जे लवकर आणि स्वस्त तयार होतं तेच लावलं जातं. काशीद, गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर ही झाडं जगतात, हिरवी दिसतात, उपग्रहाच्या चित्रात झाकण वाढवतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं आच्छादन असेल तर ते वनाच्छादन धरलं जातं. त्यात झाडाची जात विचारात येत नाही, जमिनीची मालकीही येत नाही. धावड्याचं जंगल आणि निलगिरीचा मळा दोन्ही सारखेच मोजले जातात.

लागवडीचं काम तपासायचं असेल तर खड्ड्यापासून तपासा. अंदाजपत्रकात ४५ बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा खड्डा लिहिलेला असतो. त्यातून साधारण ९१ लिटर माती निघते. प्रत्यक्षात खणला ३० बाय ३० बाय ३०, तर निघते २७ लिटर. बघताना फरक वितीभराचा वाटतो, काम मात्र तिसऱ्या हिश्श्याहून कमी झालेलं असतं. हेक्टरी हजार खड्ड्यांना हाच फरक ६४ घनमीटर खोदाईचा होतो, आणि पैसे घनमीटरवर निघतात. खडकाळ बरड जमिनीत रोप मरतं त्याचं मोठं कारण हेच आहे: पहिल्या पावसात मुळं वाढतात, खड्ड्याच्या भिंतीला लागतात आणि तिथेच गोल फिरतात. ऑक्टोबरनंतर वरचा २७ लिटर मातीचा गोळा सुकला की झाड सुकतं. मग नोंद होते ‘पाऊस कमी पडला’.

खड्डे उन्हाळ्याआधी खणून तापू द्यावे लागतात. भरताना वरची काळसर माती आधी खाली जाते, मुरूम बाहेर ठेवायचा. रोप लावायचं ते जमीन वीतभर ओली झाल्यावर, शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस अंगावर घेतल्यानंतर. पहिल्या वळवाच्या सरीला नव्हे. पिशवी फाडून पूर्ण काढायची. एवढं साधं असूनही मेलेलं रोप उपटून पाहिलं तर पुष्कळदा मुळांना काळी पिशवी गुंडाळलेली सापडते. पहिल्या वर्षी तीन निंदण्या, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक, आणि मेलेल्या जागी पुढच्या पावसाळ्यात नांग्या भरणं. नांग्या भरल्याचा खर्च पडलेला असेल आणि सगळी रोपं एकाच उंचीची असतील, तर एकतर नांग्या भरल्या नाहीत किंवा पहिली लागवड पूर्ण मेली आणि दुसरी नव्याने केली. दोन्हींची नोंद वेगळी व्हायला हवी.

पर्यायी वनीकरणात हा घोटाळा आणखी खोल जातो. खाणीसाठी, रस्त्यासाठी वनजमीन दिली की त्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची. त्याचा पैसा २०१६ च्या कायद्याने उभ्या केलेल्या निधीत जातो, नव्वद टक्के राज्याकडे आणि दहा टक्के केंद्राकडे. जमीन कुठली मिळते? बहुतेक वेळा जी ‘रिकामी’ दिसते ती. पूर्व विदर्भात ती झुडपी जंगलाची असते, पश्चिमेकडे माळरानाची, कोकणात सड्याची, म्हणजे कातळपठाराची. झुडपी जंगल ही वनजमीनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. पण तिच्याकडे बघण्याची नजर अजून पडीक जमिनीचीच आहे. माळरानावर शेडा, मारवेल, कुसळी यांचं गवत असतं, त्यावर गुरं जगतात, लांडगा आणि माळढोकासारखे प्राणी-पक्षी जगतात. सड्यावर वीतभरही माती नसते आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या पुष्कळ वनस्पती दुसरीकडे उगवत नाहीत. अशा जागी खड्डे मारणं हे वनीकरण नाही, तिथे जे होतं ते मोडणं आहे. याबाबतीत मला कुठलीच तडजोड मान्य नाही.

आता मुळांची मोजणी. पूर्व विदर्भातल्या विरळ जंगलात उन्हाळ्यात गेलात तर जमीन उघडी दिसते. ऐन, धावडा, तेंदू, लेंडिया, साग, पळस यांचे गुडघाभर फुटवे दरवर्षी आगीत जळतात आणि पावसात पुन्हा येतात. असा एक फुटवा धरून जमिनीलगतची माती बोटांनी बाजूला करा. वर पेन्सिलीएवढी काडी असते, खाली मनगटाएवढा गाठाळ गड्डा असतो, त्याच्यावर जळून गेलेल्या जुन्या काड्यांचे काळे डाग असतात. तो गड्डा आठ-दहा, कधी वीस वर्षांचा असतो. खाली मुळांचं जाळं पूर्ण तयार आहे. त्याला फक्त सलग दोन-तीन वर्षं आग आणि जनावराचं तोंड लागलं नाही, तर फुटवा एका पावसात कमरेएवढा, दोन पावसांत डोक्यावर जातो. त्याच्या शेजारी खड्डा खणून लावलेलं दीड फुटी रोप त्याला कधीच गाठू शकत नाही. उलट खड्डा खणताना, बुलडोझर फिरवताना, सलग समतल चर मारताना असे शेकडो गड्डे उपटले जातात.

मोजायची पद्धत सोपी आहे, एक दोरी आणि एक खुंटी पुरते. दोरी १.७८ मीटर लांब घ्या. खुंटी ठोकून दोरी गोल फिरवली की १० चौरस मीटरचं वर्तुळ होतं. त्यातले वृक्षजातींचे जिवंत फुटवे मोजा, जात लिहा, आणि गड्डा अंगठ्यापेक्षा जाड आहे की बारीक तेही लिहा. एका गड्ड्यातून पाच काड्या निघाल्या तरी मोजणीत तो एकच. असं एका सरळ रेषेत ठरलेल्या अंतरावर, समजा दर पन्नास पावलांवर, वीस वर्तुळं करा. चांगली जागा बघून खुंटी ठोकायची नाही, पावलं संपतील तिथेच ठोकायची. वीस वर्तुळांतल्या गड्ड्यांची बेरीज वीसने भागून हजाराने गुणली की हेक्टरी आकडा मिळतो. त्याहून उपयोगी आकडा दुसरा: वीसपैकी किती वर्तुळांत निदान एक जाड गड्डा सापडला? बारा-तेराच्या वर असतील तर तिथे लागवडीची गरज नाही, राखण करा. पाच-सहाच्या खाली असतील तर रिकाम्या तुकड्यांत, फक्त तिथेच, बी टोकून किंवा रोपं लावून भर घालावी. मधला आकडा आला तर दोन वर्षं राखून पुन्हा मोजावं. ही माझी कामचलाऊ मर्यादा आहे, जात आणि जमीन पाहून ती वर-खाली करावी. मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. एप्रिलमध्ये पानं नसतात, गड्डे ओळखू येत नाहीत, आणि सर्व्हेवाले नेमके एप्रिलमध्ये येऊन ‘जागा उजाड’ लिहून जातात.

राखण म्हणजे काय काम? सगळ्यात आधी आग. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ आणि जाळून झाली पाहिजे. मार्चमध्ये जाळरेषा जाळणं म्हणजे स्वतःच आग लावणं. अंगारी, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारा, नेमताना ज्या गावाची ती हद्द त्याच गावचा माणूस हवा, कारण आग कुठून येते ते त्यालाच ठाऊक असतं. बहुतेक आगी मोहाखालून येतात. फूल वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात. त्याला बंदीचा फलक हे उत्तर नाही. झाडाखाली झाडून पाला गोळा करायचा, कडेला नेऊन टाकायचा, किंवा झाडाखाली जुन्या साड्या अथवा जाळी अंथरायची. दोन्ही गोष्टी चालतात. दुसरी आग तेंदूची. पानं कोवळी आणि मोठी यावीत म्हणून खुटकटाई करतात, म्हणजे तेंदूची झुडपं छाटतात, काही जण त्याऐवजी जाळ लावतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणावरून तेंदूपत्ता तोडणं बंद केलं आणि बांबूवर भर दिला. मिळणारं उत्पन्न समोर असताना असा निर्णय घेणं सोपं नव्हतं.

मग चराई. पूर्ण बंदी टिकत नाही. जंगलाचे तीन-चार तुकडे करून एक तुकडा तीन-चार वर्षं बंद ठेवायचा, तिथून गवत कापून न्यायला मोकळीक द्यायची, बाकी खुलं ठेवायचं, असं ठरलं तर लोक पाळतात. तिसरं काम फुटवे एकेरी करणं. एका थुटावर आठ-दहा फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी त्यातला जमिनीलगतचा, सरळ, जोमदार एक किंवा दोन ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने काढायचे. हे पहिल्याच वर्षी करू नये, कारण कुठला फुटवा टिकणार ते तेव्हा कळत नाही.

घाणेरी आणि रानमोडी या तणांचा वेगळा त्रास. घाणेरी वरून कापली की दुप्पट फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली चार-पाच बोटांवर कुदळीने तोडायचं, अख्खं झुडूप उचलून उलटं करून, मुळं वर करून तिथेच सुकू द्यायचं. बिया पिकण्याआधी हे काम झालं पाहिजे. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसाळ्यात स्थानिक गवताचं बी टाकलं नाही तर घाणेरीचीच रोपं परत येतात, आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात ती उपटत राहावी लागतात. बहुतेक कामांत पहिल्या वर्षाचा पैसा असतो, पुढच्या उपटणीचा नसतो. तिसऱ्या वर्षी घाणेरी होती तितकीच होते.

बांबूचं थोडं. रांझीतला, म्हणजे बांबूच्या बेटातला, त्या वर्षीचा आणि आदल्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद, कापायचं जमिनीपासून वितीच्या आसपास पहिल्या पेरावर, आणि रांझीची बाहेरची कड मोडायची नाही कारण नवे कोंब तिथूनच येतात. लोक कडेचेच बांबू तोडतात, कारण आत हात घालणं कठीण. त्यामुळे रांझी मधूनच दाटत जाते आणि गुदमरते. घोड्याच्या नालेच्या आकाराची वाट एका बाजूने उघडून आतले जुने बांबू काढावेत.

या सगळ्यात गावाचा हक्क कुठे येतो? वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(झ), इंग्रजी प्रतीत आय. सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या हजेरीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. या हक्कात बांबूसह गौण वनोपज येतं, इमारती लाकूड येत नाही. हे स्पष्ट समजून घ्यावं, नाहीतर चुकीच्या मुद्द्यावर भांडण होतं. पण व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेच्या समितीने करायचा आणि खात्याच्या कार्य आयोजनेशी त्याचा मेळ समितीला आवश्यक वाटतील त्या बदलांसह घालायचा, असं नियमांत आहे. सामूहिक हक्काचा पट्टा मिळालेल्या कक्षात कूप पाळीला आलं तर हाच नियम पुढे ठेवून लेखी विचारावं: समितीचा आराखडा विचारात घेतला का, आणि कुठल्या पानावर?

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘जंगलतोडीची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला की जाडजूड, निरुपयोगी कागद मिळतात. त्याऐवजी कक्ष क्रमांक लिहून चारच गोष्टी मागा: कुपाचा उपचार नकाशा, छापणी नोंदवही, तोडलेल्या मालाचा जातवार आणि घेरवार गोषवारा, आणि लागवड असेल तर मोजमाप पुस्तिकेची पानं. याच कायद्याच्या कलम २(ञ), इंग्रजी प्रतीत जे, प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे. अर्जात तो वेगळा मागावा लागतो. आकडे ताडताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग गुणिले लांबी अशी जुनी पाव-घेर रीत आहे. १२० सेंटिमीटर घेराचा ३ मीटर लांब ओंडका या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो, खऱ्या गोलाच्या सूत्राने ०.३४. उभ्या झाडांचा अंदाज एका रीतीने आणि डेपोची मोजणी दुसऱ्या रीतीने असेल तर वीस-बावीस टक्के तफावत नुसत्या सूत्राची निघते. चोरीचा आरोप करण्याआधी कुठलं सूत्र वापरलं ते विचारा.

वेळेचं सांगून थांबतो. बहुतेक हरकती ट्रक गावातून जायला लागले की सुरू होतात. तेव्हा छापणी होऊन, निविदा होऊन, मजुरांच्या झोपड्याही पडलेल्या असतात. कुपाच्या हद्दीची आखणी मुख्य तोडीच्या साधारण वर्षभर आधी होते. जंगलात नवीन रेषा साफ केलेली दिसली, कडेच्या झाडांवर रंगाचे पट्टे दिसले, की समजा कूप आखलं गेलं. त्याच पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, दोरी आणि खुंटी घेऊन वीस वर्तुळं मोजा, मोहाची, चाराची (चारोळीची), बेहड्याची उभी झाडं घेरासकट लिहा, नाल्याच्या काठापासून वीस मीटर टेपने मोजून खूण करा, आणि हे सगळं कक्ष क्रमांक आणि तारखेसह ग्रामसभेच्या ठराव वहीत चढवून त्याची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आणि एक उपवनसंरक्षकाकडे पोच घेऊन द्या.